हवेत थांबलेली हळद

दिनांक १९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. हैदराबादहून पुण्याकडे निघालेली खासगी बस नळदुर्गच्या हमरस्त्यावर ढाब्यापाशी थांबली आणि माझी नात उतरली. एक पिशवी पाठीवर होती. दुसरी, लहान, तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी हात पुढे केला. तिने पाठीवरची दिली.

"ती?"

"ही माझ्याजवळच राहू द्या, आजोबा."

मी आग्रह केला नाही. नाजूक वस्तू धरणाऱ्या माणसाशी बोलू नये, हा माझ्या धंद्याचा नियम होता.

माझा धंदा चष्म्यांचा. घराच्या पुढच्या खोलीत सेहेचाळीस वर्षे दुकान चालवले. सुरुवातीची बरीच वर्षे भिंगे स्वतः घासली. सहा वर्षांपूर्वी दुकान बंद केले, परंतु खोली तशीच आहे आणि भिंतीवरची पाटीही तशीच आहे : 'काचेला बोट लावू नये.' त्या पाटीसाठी मी गावात प्रसिद्ध होतो. काहींच्या मते बदनाम.

नात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. हैदराबादच्या एका कारखान्यात तयार झालेली काचेची पट्टी घेऊन ती पुण्याला चालली होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दहा वाजता, ती पट्टी तिच्या सरांच्या हाती द्यायची होती. वाटेत आमचे गाव लागते, म्हणून सातेक तासांसाठी उतरली होती. दुपारी तीनच्या गाडीने पुढे जाणार होती.

अंगणात माझी पत्नी ज्वारी पाखडत होती. नातीने चहाचा कप बाजूला ठेवला आणि तिच्या हातातले सूप घेतले.

"आजी, पाखडताना दाणे सुपाबाहेर का जात नाहीत?"

"हात हलता ऱ्हातोय म्हणून."

"थांबवला तर?"

"तर सांडत्याल. मला परीक्षेला बसवतीस व्हय?"

"आम्ही तेच करतो. एका अणूतून एक कण काढून घेतला, की त्या अणूवर विजेचा जोर चालतो. मग निर्वात डबीत, सोन्याच्या पट्टीच्या वर, विजेचं सूप हलवत राहायचं. सेकंदाला कोट्यवधी वेळा. अणू कशालाही न टेकता मधल्या मध्ये तरंगत राहतो."

"आन् तरंगून करतोय काय?"

"हिशेब. त्याच्यावर प्रकाश टाकून त्याला विचारायचं. चमकला तर एक, नाही चमकला तर शून्य. आणि विचारायच्या आधी तो दोन्ही असतो."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "हे तर आपल्या घरातच हाय की. जेवायचं का म्हणून इचारलं की व्हयबी असतंय आन् न्हायबी असतंय."

नात हसली. मी हसलो नाही. मी विचारले, "यात काचेचे काम काय?"

"असे बत्तीस अणू एका ओळीत असणार. प्रत्येकासमोर एक भिंग. तेच त्या अणूवर प्रकाश टाकणार आणि तेच त्याचा उजेड गोळा करणार. एका पट्टीवर बत्तीस भिंगं, आजोबा. प्रत्येक खसखशीच्या दाण्याहून लहान."

"घासतो कोण?"

"कुणीच नाही. आधी प्रकाशानं काचेवर नक्षी छापतात, मग वायूनं कोरतात. माणसाचा हात लागतच नाही."

हात न लावता भिंग होते, यावर माझा विश्वास बसला नाही. तसे मी म्हटले. ती म्हणाली, "अंघोळ करून येते, मग दाखवते. तोवर डबी उघडू नका." लहान पिशवीतली ती पट्टीची डबी तिने दुकानाच्या खोलीत, माझ्या जुन्या टेबलावर ठेवली.

ती न्हाणीघरात गेली. पत्नी देवघरातून हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. "नवं यंत्र घरात आलंय," ती म्हणाली. "तुमची रीत हाय न्हवं."

रीत माझीच होती. दुकानात नवे यंत्र आले की पहिल्या दिवशी मी स्वतः त्याच्या लोखंडी अंगाला हळदकुंकू लावत असे. काचेला कधीच नाही. डबीला कुंकू लावण्यासाठी डबी उघडावी लागत नाही. मी उघडली.

आत बारीक सोनेरी कडांची एक चौकट होती. मध्ये बोटभर लांबीची मोकळी जागा. काच बसवायची राहिली असावी, असे मला वाटले. अनामिकेने चौकटीला हळद लावली. मग कुंकू लावले. बोट उचलताना थोडी हळद त्या मोकळ्या जागेत सांडली.

सांडली, परंतु खाली पडली नाही. पिवळे कण चौकटीच्या मधोमध, हवेत, थांबून राहिले.

मी ते कण पाहत उभा राहिलो. हळद हवेत थांबत नाही. तिथे काच होती. तिच्यावर असा लेप दिला होता की उजेड परत फिरतच नव्हता आणि डोळ्यांना काच दिसतच नव्हती. असे लेप मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावून विकले आहेत. सेहेचाळीस वर्षांचा चष्मेवाला काचेला भोक समजला होता.

नात डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आली. मी सांगितले, "काचेवर हळद पडली. मी पाडली."

ती दारातच खाली बसली. मग तिने विचारले, "पुसली नाही ना?"

"नाही."

"फुंकर?"

"नाही."

"बरं केलंत." तिने श्वास घेतला आणि मला समजावून सांगितले. अशी दुसरी पट्टी तयार व्हायला पाच महिने लागतात. तिची संशोधनाची मुदत चार महिन्यांत संपते. सरांनी आधीच बजावले होते की ही शेवटची. ही पट्टी गेली, तर चार वर्षांचे काम अर्धवट राहणार होते. "आणि हळदच का, आजोबा? धूळ परवडली असती. आमच्या प्रकाशात हळद स्वतः चमकते. एक अणू म्हणजे एक काजवा. हळदीचा एक कण म्हणजे लग्नाचा मांडव. मांडवाच्या उजेडात काजवा कसा शोधायचा?"

"पुण्यात धुणार नाहीत का?"

"धुतात. पहिल्यांदा अल्कोहोलनंच धुतात."

हळद अल्कोहोलमध्ये विरघळते. एका कणाचा पिवळा पातळ थर होऊन तो बत्तीसही भिंगांवर पसरला असता. म्हणजे जे काढायचे ते कोरडेच काढायला हवे होते. एकही कण न ठेवता, आणि तीनच्या गाडीच्या आत.

मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडते आहे.

"कुंकू कुठं लावलंत?"

"चौकटीला. वरच्या बाजूला, मधोमध."

"म्हणजे तिला सवाष्ण केलीत," ती म्हणाली आणि पंचात तोंड खुपसून हसू लागली. तिला ते थांबवता येईना. मी उभा राहिलो. अशा वेळी काय करावे, हे मला माहीत नव्हते.

शेजारी घड्याळवाले राहतात. माझ्याच वयाचे. जवळजवळ पन्नास वर्षे भिंतीला भिंत लावून धंदा केला. त्यांच्याकडे रबराचा फुगा असतो. दाबला की टोकातून कोरडी हवा निघते आणि घड्याळातली धूळ उडते. मी तो मागायला गेलो. कशासाठी, ते सांगावे लागले. ते फुगा घेऊन स्वतःच आले. दारातून शिरताच त्यांनी भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली.

"काचेला बोट लावू नये. शेठ, ही पाटी कुणासाठी हाय?"

"चाचा, आज नको," नात म्हणाली.

"आज न्हाय तर कवा? माझ्या साडूला ह्यांनी दुकानाबाहेर काढलतं, चष्म्याला अंगठा लागला म्हणून. बरं, हे सोप्पं हाय. स्पिरिटचा फाया फिरवा, दोन मिन्टाचं काम."

"फाया लावला तर मी तुम्हालाही बाहेर काढीन," मी म्हटले.

कण दिसणार कसे, हा खरा प्रश्न होता. कुंकवाची चिंता नव्हती. ते चौकटीलाच चिकटले होते आणि चिकटपट्टीने उचलता येणार होते. हळदीचे मोठे कण दिसत होते, परंतु बारीक कण भिंगातूनही काचेपासून वेगळे ओळखू येत नव्हते. तेव्हा मला नवरदेव आठवला.

बऱ्याच वर्षांपूर्वी अणदूरचा एक मुलगा हळद लागलेल्या अंगाने दुकानात आला होता. चष्मा फुटला होता आणि लग्न दुसऱ्या सकाळी होते. हळद लागल्यावर उंबरा ओलांडू नये, तरी आला. त्याला उन्हाचा घातक भाग अडवणारी काच हवी होती. ती पटवून देण्यासाठी माझ्याकडे एक जांभळा दिवा होता. डोळे तपासायच्या काळ्या खोलीत मी तो लावला आणि नवरदेवाचे कान, मान आणि नाकाचा शेंडा हिरव्या-पिवळ्या उजेडाने पेटले. सोबत आलेल्या करवल्याने बाहेर पळ काढला. मी त्या दिवशी हसलो नाही. गिऱ्हाइकाला हसू नये. ते हसू कुठेतरी शिल्लक राहिले असावे.

दिवा कपाटात होता. सेल नवे घातले. काळ्या खोलीत आम्ही तिघे शिरलो. नातीने हातमोजे घातले, चिमट्याने चौकट उचलली आणि पालथी धरली. मी दार लावून दिवा पेटवला.

प्रथम दिसली ती टोपी. घड्याळवाल्यांची पांढरी टोपी, धुण्याच्या पावडरीमुळे, अंधारात निळी पेटली होती. टोपीच्या खाली दातांची एक ओळ. मध्ये काही नाही.

"काय झालं? सगळे गप का?" टोपीने विचारले.

नातीच्या घशातून एक आवाज निघाला.

मग पट्टी दिसली. काळ्या अंधारात पिवळे-हिरवे ठिपके, आकाशातल्यासारखे. मी मोजले. एकोणीस. आणि पट्टीशेजारी, पट्टीपेक्षा कितीतरी ठळक, माझी अनामिका. ती कंदिलासारखी जळत होती.

"घ्या," टोपी म्हणाली. "चोराचं बोट गावलं. पोलिसाला बोलवायची गरज न्हाय, उजेड घेऊनच हिंडतोय."

तेव्हा मी हसलो. ठरवून नव्हे. नवरदेवाचे कान, ही टोपी आणि माझे बोट एकदमच समोर आले. मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दाराबाहेरून पत्नीचा आवाज आला, "अवो, आत काय चाललंय? कोण हसतंय ते?" नात म्हणाली, "आजोबा." मग पत्नी म्हणाली, "खरं सांग."

त्यामुळे पुन्हा सुरुवात झाली.

काम मात्र सुरू झाले. नातीने पट्टी पालथी धरून ठेवली, मी खालून तिरपी हवा मारली, म्हणजे सुटलेला कण खालीच पडावा. एकेक तारा निखळत गेला. सोळा गेले. तीन राहिले. ते भिंगांच्या खळग्यांत अडकले होते.

यावर उपाय मला ठाऊक होता, तो पुस्तकातला नव्हता. वाळलेल्या ज्वारीच्या ताटाचे साल काढले की आत पांढरे, मऊ भेंड निघते. कोऱ्या ब्लेडने त्याला टोक काढायचे. टोक कणाला टेकवायचे, काचेला नाही. कण भेंडात रुततो आणि वर येतो. परदेशी सामान मिळत नसे त्या काळात मी हे शिकलो आणि पुढे मिळू लागले तरी सोडले नाही.

"कडबा कुठं मिळेल?" नातीने विचारले.

"माझ्या शेळीच्या म्होरं," घड्याळवाले म्हणाले. "पर ती देती का बघा. तिचा सोभाव शेठसारखा हाय."

शेळीने विरोध केला, परंतु दोन ताटे मिळाली. नातीने भेंडाचे टोक भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिले. तिच्या शास्त्रात हे बसत नव्हते. "तंतू सुटला तर?"

"तंतू अल्कोहोलने वाहून जाईल. हळद जाणार नाही."

तिने होकारार्थी मान हलवली.

पहिला कण आला. दुसरा आला. तिसरा तेविसाव्या भिंगात होता. डोळ्याला घड्याळवाल्यांचे भिंग लावून मी टोक जवळ नेले आणि माझा हात हलू लागला. सेहेचाळीस वर्षांत कामाच्या वेळी हात हलला नव्हता. वयामुळे नव्हे, हसू पोटात राहिले होते आणि तिथून ते हातात उतरत होते. मी थांबलो. पुन्हा प्रयत्न केला. समोर दातांची ओळ दिसली.

"टोपी बाहेर," मी म्हटले.

"पन्नास वर्सांची दोस्ती," टोपी दाराकडे सरकत म्हणाली, "आन् एका हळकुंडावरनं तुटली."

नात ओठ चावून उभी होती. तिच्या हातातली चौकटही थरथरत होती. मी म्हटले, "तुझी चार वर्षे या टोकावर आहेत." ते ऐकून तिचा हात स्थिर झाला. माझा झाला नाही. मग मी लहानपणी मार खाऊन पाठ केलेली औटकी मनात म्हणायला घेतली. साडेतीनच्या पाढ्यात हसण्यासारखे काही नाही. नऊ औटे साडेएकतीसला आलो, तेव्हा कण भेंडावर होता.

नातीने दिवा हाती घेऊन पट्टी सगळ्या बाजूंनी फिरवली. काळोख. पट्टी कुठे आहे, हेही कळत नव्हते. माझे बोट तेवढे तेवत होते. ते मी पाठीमागे घेतले.

अकरा वाजून गेले होते. चरा पडला आहे का, हे आता पाहायचे होते. त्यासाठी उजेड हवा, म्हणून अंगणाच्या दारात आलो. तिने पट्टी उन्हातल्या अंगणाकडे धरली. मी भिंग लावले.

बत्तीस अंगणे दिसली. एका ओळीत, एकसारखी, सगळी उलटी. प्रत्येकात उलटा कडुनिंब, उलटी दोरी, दोरीवरचे उलटे लुगडे, आणि प्रत्येकात सूप घेतलेली माझी पत्नी, डोके खाली, पाय वर. कडा इतक्या रेखीव की तिच्या हातातल्या बांगड्या वेगळ्या दिसत होत्या. मी भिंगे घासली आहेत. एक भिंग निर्दोष व्हावे म्हणून दिवस घालवले आहेत. हात न लागलेली बत्तीस निर्दोष भिंगे माझ्या डोळ्यासमोर होती.

"हात वर कर," मी पत्नीला सांगितले.

"का?"

"कर."

तिने केला. बत्तीस जणींनी केला.

"आजी, तुम्ही बत्तीस दिसताय," नात म्हणाली. "सगळ्या उलट्या."

"बत्तीस?" पत्नीने सूप खाली ठेवले. "ह्यांना एक झेपली न्हाय."

घड्याळवाल्यांना पाहायचे होते. मग पत्नीला पाहायचे होते. तिच्यासाठी मला अंगणात उभे राहावे लागले. तिने सांगितले, "हात वर करा." मी केला. "दोन्ही." मी दोन्ही केले. "आता हसा." घड्याळवाले भिंतीला टेकून खाली बसले होते. मी हसलो. बत्तीस भिंगांतून मी कसा दिसलो हे तिने सांगितले नाही. बराच वेळ भिंग मात्र सोडले नाही.

त्यानंतर नातीने बत्तीसही भिंगे क्रमाने तपासली. प्रत्येकात अंगण पूर्ण होते. एकही चरा नव्हता. ती म्हणाली, "सरांना सांगावं लागेल."

"लागेल," मी म्हटले. "माझे नाव सांग."

तिने फोन लावला आणि काही न लपवता सांगितले. कुंकू, हळद, दिवा, भेंड, शेळीसुद्धा. नातीने डोळे मिटून घेतले. मग सर बोलले आणि तिने फोन आमच्यासाठी मोठ्या आवाजात लावला.

"पट्टी धुण्याआधी अंधारात बघायचं आपल्याला सुचलं नव्हतं," सर म्हणत होते. "उद्या पुन्हा बघू. काळोख दिसला, तर ठरल्याप्रमाणे बसवू. तो दिवा घेऊन ये. आणि आजोबांना विचार, ते भेंड किती दिवस टिकतं?"

"कोरडं ठेवलं तर वर्षभर," मी म्हटले.

"मग दोन ताटंही आण."

माझे हत्यार मी कधी कुणाला दिलेले नाही. घड्याळवाल्यांना हे माहीत आहे. त्यांनी तीन वेळा मागून पाहिले आहे. मी दिवा मऊ कापडात गुंडाळला, सेल वेगळे बांधले, उरलेल्या ताटांतून भेंडाची चार टोके काढून काचेच्या नळीत घातली आणि नातीच्या पिशवीत ठेवले. घड्याळवाले पाहत होते. ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

पत्नीने हुरडा भाजला. नातीने तो उभ्यानेच खाल्ला. निघताना तिने वाकून नमस्कार केला. पत्नीने तिला कुंकू लावले आणि करंडा पुढे करून मला म्हणाली, "तुमी बी लावा की, आता माणसालाच लावायचंय." मी लावले नाही. उजव्या अनामिकेला अजून हळद होती, म्हणून नातीच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

तीनची गाडी तीन वाजून बारा मिनिटांनी आली. या वेळी नातीने पाठीवरची पिशवी स्वतःकडे ठेवली आणि लहान पिशवी माझ्या हाती दिली. ती चढून, बसून, खिडकीतून हात बाहेर काढेपर्यंत पट्टी माझ्याकडे होती. मी दोन्ही हातांनी धरली होती. मग दिली.

घरी आलो. हात साबणाने दोन वेळा धुतले. दिवा गेला होता; हळद उरली आहे की नाही, हे आता दिसणार नव्हते. खिडकीपाशी बसलो आणि अनामिकेचे नख मुळापर्यंत कापले.